आई-बाबांना पत्र: गॅरेजमधली पॉइंट टू-टू

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आई, मी घरात बंदूक आणलीय हे कळल्यापासून तुझं जेवणात लक्ष नाही, असं दादा सांगत होता. फोनवर तू "परत देऊन टाक ती" म्हणतेस, माझं सांगणं अर्ध्यावर राहतं आणि दोघींना रुखरुख लागते. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. बाबांसाठी यात बरंच काही आहे, पण आधी तुझं.

ही पॉइंट टू-टू, म्हणजे बारक्या गोळीची रायफल, गॅरेजमधल्या स्टीलच्या कपाटात कुलपात असते. तिचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, काढून मी वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात ठेवते. बोल्टशिवाय गोळी सुटूच शकत नाही. घरात एकही काडतूस नाही. लागतील तेवढी रेंजवर घ्यायची आणि तिथंच संपवायची. तुझा नातू गॅरेजमध्ये एकटा जात नाही आणि काम चालू असताना तर अजिबात नाही, कारण जुन्या नळीतून शिशाचा बारीक काळा गाळ निघतो. मी हातमोजे घालते, तिथं काही खात-पीत नाही आणि हात साबणाने धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. कागदपत्रंही रीतसर झाली आहेत. व्हिसावर होते तोवर हा विषयच नव्हता, ग्रीन कार्ड आल्यावरच मी विचार केला. शेजारच्या आजींनी त्यांच्या यजमानांची लहानपणची रायफल मला द्यायचं ठरवलं, तेव्हा गावातल्या दुकानामार्फत फॉर्म भरून, सरकारी तपासणी होऊन ती माझ्या नावावर आली. पेनसिल्व्हेनियात हे फार लोक करतात. इथं माळ्यावर, तळघरात अशा रायफली पडलेल्याच असतात.

बाबा, आता तुमचं. एनसीसीच्या कॅम्पात तुम्ही पोटावर झोपून जी पॉइंट टू-टू चालवलीत, त्याच जातीची ही. विंचेस्टर कंपनीचं मॉडेल 67. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनच्या कारखान्यात ते 1934 पासून 1963 पर्यंत बनत होतं. शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या पोरांना परवडावी म्हणून साधी, स्वस्त आणि एका वेळी एकच काडतूस घेणारी. बोल्ट बंद केला तरी ती झाडायला तयार होत नाही. मागची गोल मूठ बोटांनी खेचून धरावी लागते, तेव्हा कुठे चाप काम करतो. पोराच्या हातात द्यायची वस्तू म्हणून हा विचार मला फार मोलाचा वाटतो. आईलाही पटेल. या रायफलीवर नंबर नाही. अमेरिकेत प्रत्येक बंदुकीवर नंबर टाकायची सक्ती 1968 च्या कायद्याने आली, त्यामुळे ही नेमकी कुठल्या सालची ते तिच्यावरून कळत नाही.

या काडतुसाची एक गंमत तुम्हाला आवडेल. मोठ्या काडतुसात बुडाच्या मधोमध वेगळी टोपी असते आणि पिन तिच्यावर बसते. या बारक्या काडतुसाला तशी टोपीच नसते. पितळी नळकांड्याच्या बुडाला जी दुमडलेली कड असते, तिच्या पोकळीतच पेटणारा मसाला भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर मारते. रिमफायर म्हणतात ते यालाच. म्हणून जुनी रिमफायर रिकामी असताना चाप ओढायचा नसतो. काडतूस नसलं की पिन थेट नळीच्या तोंडाच्या पोलादावर आपटते, तिथं कड ठेचली जाते आणि मग काडतूस नीट आत बसत नाही की नीट बाहेर निघत नाही. या रायफलीला तसा एक बारीक ठोका होता. नळीच्या तोंडात बसेल असा टोकदार, घोटीव पोलादी दांडा मिळतो. तो फिरवत दाबला की ठेचलेला धातू परत जागेवर सरकतो. कानस लावायची नाही, धातू काढून टाकायचा नाही. हे काम मी इथल्या एका जाणत्या बंदूक-कारागिराकडून करून घेतलं आणि नळी, बोल्ट सगळं त्यालाच तपासायला लावलं. तो ठीक म्हणाल्याशिवाय मी एकही गोळी झाडलेली नाही.

आतून नळी चांगली निघाली, हे नशीब. 1920 च्या दशकापर्यंत काडतुसातला मसाला असा असायचा की जळल्यावर मागे क्षार राहायचे. ते हवेतलं पाणी ओढायचे आणि साफ न केलेली नळी आतून गंजून खड्ड्याखड्ड्यांची व्हायची. त्याआधीच्या कितीतरी सुंदर रायफली अशा आतून गेलेल्या आहेत. ही त्या काळानंतरची.

बाहेरून मात्र एका बाजूला लाल गंज चढला होता, कारण वर्षानुवर्षं ती तळघरात कापडी पिशवीत पडून होती. मला वाटलं होतं एमरी पेपर घ्यावा लागेल. तो घ्यायचा नसतो. आधी तेल लावून ठेवायचं, मग तांब्याच्या नाण्याच्या कडेने गंज खरवडायचा. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि खाली ओरखडा उठत नाही. इथली 1982 च्या आधीची एक सेंटची नाणी जवळपास निव्वळ तांब्याची आहेत, नंतरची आतून जस्ताची. त्यामुळे चिल्लर उलथीपालथी करून जुनी नाणी वेगळी काढावी लागतात.

त्यानंतरचं काम बघायला तुम्ही इथं हवे होतात. नळीवरचं तेल पूर्ण धुऊन काढायचं आणि लांब ट्रेमध्ये डिस्टिल्ड पाण्यात ती उकळायची. साध्या नळाच्या पाण्याचे डाग राहतात. पाणी उकळायला लागलं की राहिलेला लाल गंज हळूहळू काळा पडतो. तांबडा आयर्न ऑक्साइड मॅग्नेटाइटमध्ये बदलतो आणि हे मॅग्नेटाइट पोलादाला खात नाही, उलट राखतं. नळी बाहेर काढली की तिच्यावर मखमलीसारखी काळी भुकटी असते. तेलविरहित, अगदी बारीक स्टील वूलने ती हलक्या हाताने पुसली की खालून जुना गडद रंग वर येतो. मी गॅरेजच्या दारात उभी राहून किती वेळ ती उजेडात फिरवत होते! कारखान्यातून आली तेव्हाचा रंग तो नाही, पण तिचा स्वतःचा आहे.

लाकूड अक्रोडाचं आहे. त्याला पॉलिश पेपर लावायचा मोह फार होतो, पण दस्ता एकदा घासला की लाकूड लोखंडाच्या पातळीखाली जातं, कडा गोल होतात आणि ते परत येत नाही. म्हणून जुन्या वॉर्निशवरचा मळ तेवढा काढला. पोचे गेले ते आईच्या ओळखीच्या हत्याराने: ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि पोचा वर येतो. जिथं तंतू तुटले आहेत तिथं इस्त्रीचा उपयोग होत नाही, ते व्रण तसेच राहू दिले. मग बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, अगदी पातळ हात, घासून कोरडा करायचा, वाळू द्यायचा, परत पुढचा. आणि आई, बेलतेलाची फडकी चुरगाळून टाकली तर आतल्या आत तापून पेट घेतात, हे मला माहीत आहे. मी ती बाहेर फरशीवर पसरून वाळवते.

दस्त्याच्या मुठीपाशी एक जुनी चीर आहे. कुणीतरी फार पूर्वी तिच्यात आडवा पितळी स्क्रू बसवून वरचं डोकं कानशीने लाकडाबरोबर सपाट केलंय, इतकं साफ की नखालासुद्धा लागत नाही. क्लबमधले एक गृहस्थ म्हणाले, तो काढ, आधुनिक गोंद भर, ओळखूही येणार नाही. मी नाही काढणार. चीर पक्की धरलेली आहे आणि ते काम करणाऱ्याचा हात चांगला होता. चांगलं काम खोडून तिथं आपलं काम करायचा मला अधिकार नाही, असं मला मनापासून वाटतं. उद्यमनगरात कामावर असताना दुसऱ्याने बसवलेलं बेअरिंग ठीक असेल तर तुम्हीही त्याला हात लावत नव्हता.

नळीच्या टोकाला चार बोटं जागा मात्र पांढरी पडलीय, पूर्वी कुणीतरी एमरी मारल्यामुळे. तुमच्याकडे ब्लॅकोडायझिंगला पार्ट जायचे तसं गरम कॉस्टिकच्या टाकीतून काढलं तर सगळी नळी एकसारखी काळी होईल, पण मग जुना रंग संपूर्ण जाईल. बाटलीतलं थंड रसायन तेवढ्यापुरतं लावता येतं, ते टिकत नाही आणि वेगळं दिसतं. म्हणून ती जागा तेल लावून तशीच ठेवायची ठरवलंय.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की कोल्हापूरला आणता येईल का. नाही येणार. आपल्याकडे 1959 च्या कायद्याने बाळगायलाच काय, दुरुस्तीच्या धंद्यालाही लायसन्स लागतं. पण एक सांगते. 2024 च्या 1 ऑगस्टला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ जिंकलं, खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी आपल्या महाराष्ट्राच्या मातीतल्या कुणी एकट्याने ऑलिंपिक पदक आणलं. तेव्हा तुम्ही सगळी गल्ली जमवून टीव्ही लावला होता. तो पन्नास मीटरवरून ज्या 10.4 मिलिमीटरच्या ठिपक्यावर मारत होता, त्यासाठीचं काडतूस हेच: पॉइंट टू-टू लाँग रायफल, 1887 पासूनचं. त्याच्या आधी तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तीही याच काडतुसावर. इथल्या क्लबात मी हे सांगितलं तर लोक कोल्हापूर नकाशावर शोधायला लागले.

आता एक कामाचं विचारते. दस्ता आणि नळी एकत्र धरणारा खालचा जाड स्क्रू आहे, त्याची खाच पूर्वी कुणाच्या तरी चुकीच्या पेचकसाने उधडलीय. नवा मिळतो, पण जुनाच ठेवायचाय. बाहेर आलेला धातू बारीक हातोडीने परत आत ठोकून, मग पातळ कानशीने खाच सरळ करायची, असं तुम्ही करायचात ना? आधी स्क्रू गरम करून मऊ करायचात की तसाच थंड ठोकायचात? आणि खाली तांब्याचा तुकडा धरायचात की लाकूड? दादाच्या फोनवर बोलून पाठवलंत तरी चालेल, फोटो मी त्याला पाठवले आहेत.

आई, बीपीची गोळी सकाळचीच घे, दुपारवर टाकू नकोस. दिवाळीच्या तिकिटांचं या आठवड्यात नक्की करते.

तुमची,
ताई