गंजलेला बोल्ट आणि छिन्नीची घाई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हीरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० अशा १९८५ साली बाजारात आलेल्या गाड्या मराठवाड्यात आजही अधूनमधून दिसतात. मात्र सायलेन्सरचा गंजलेला बोल्ट सहज सुटला नाही, की अनेक गॅरेजांत लगेच छिन्नी-हातोडी निघते आणि मुंडके तुटून आत राहिलेला तुकडा ड्रिलने काढण्याचा भुर्दंड गाडीमालकाच्या माथी बसतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने आटे गच्च आवळले जातात; म्हणून गंज सोडवणारे तेल मारून ते रात्रभर मुरू द्यावे, षट्कोनी सॉकेट लावावे आणि बोल्ट जरा सैल, जरा घट्ट असा मागेपुढे फिरवावा. बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात बसलेला असेल तर बाहेरून शेक द्यावा, कारण तापल्यावर हा धातू पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो. (पेट्रोलची टाकी त्याआधी उतरवावी, हेही सांगावे लागते!) आयटीआयच्या प्रात्यक्षिकांत नव्या इंजिनांबरोबरच अशा गंजलेल्या जोडण्यांचा सराव आवर्जून घेतला जावा, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक, परभणी