पोकलेनला पीयूसी का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

हिवाळा आला की तुमच्या पेपरात नवी मुंबईच्या हवेवर बातम्या सुरू होतात, बांधकामाला हिरवी जाळी लावा, पाणी मारा, डंपरची चाकं धुवा वगैरे. चांगलंच आहे, 2023 ला हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतल्यापासून निदान जाळ्या तरी दिसायला लागल्या. पण त्याच साइटवर जे डिझेल इंजिन दिवसरात्र धडधडत असतं त्याबद्दल दोन ओळी वाचल्याचं मला तरी आठवत नाही. मी तुर्भ्याला एमआयडीसीत तीसेक वर्षं जनरेटर आणि पोकलेनची इंजिनं खोललीत, आता रिटायर होऊन वाशीत घरी बसलोय आणि नेमकं आमच्या खिडकीसमोरच सिडकोच्या जुन्या बिल्डिंगा पाडून टॉवर उभा राहतोय, म्हणजे धंदा सुटला पण धूर काही सुटला नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असं अजिबात नाही. जनरेटरला 1 जुलै 2023 पासून सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) चा फोर प्लस नावाचा धुराचा नियम लागू आहे, 800 किलोवॅटपर्यंत सगळ्यांना. इंजिन इथे बनवा नाहीतर बाहेरून आणा, टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलची धुराची चाचणी पास झाल्याची मंजुरी, घेतल्याशिवाय विकता येत नाही, आणि इम्पोर्ट करणाऱ्यावर जबाबदारी बनवणाऱ्याएवढीच. टेस्टिंग पुण्याच्या एआरएआय या वाहन-इंजिन तपासणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणी होतं, पास झालं की इंजिनावर तशी प्लेट लागते. वापरलेला डिझेल जनरेटर परदेशातून आणायचा तर डीजीएफटीची, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याची, परवानगी लागते, आला कंटेनर न्हावाशेवाला आणि काढला बाहेर असं होत नाही. जेसीबीसारख्या टायरवाल्या मशीनला 1 जानेवारी 2025 पासून बीएस फाइव्ह हा धुराचा नियम आलाय. डिझेलसुद्धा 2020 पासून 10 पीपीएम (दहा लाखात दहा भाग) सल्फरचं मिळतंय, त्यामुळे खराब डिझेलने फिल्टरची वाट लागते ही जुनी तक्रार पण राहिली नाही.

फरक किती पडतो तो आकड्यात बघा. 2009 च्या 125 केव्हीएच्या (साधारण 100 किलोवॅटच्या) जनरेटर सेटला किलोवॅट-तासाला 0.3 ग्रॅम काजळी माफ होती, 2014 नंतरच्या सीपीसीबी टू या आधीच्या नियमाला 0.2, आणि आता फोर प्लसला 0.02. नॉक्स, म्हणजे धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू, 9.2 वरून 0.4 वर आलाय. आणि जुना आकडा सेट नवाकोरा असतानाचा, पंधरा वर्षं घासल्यावर तो काय सोडतो हे मोजायला कोणी जात नाही.

गोम इथेच आहे. नियम लागतो तो नवीन माल विकताना. वाशीतल्या मॉलने, बँकेने पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला सेट, लाइट फार जात नसल्याने तास कमी चाललेला असतो, तो निघतो भाड्याने देणाऱ्याकडे, तिथून साइटवर, आणि विजेचं तात्पुरतं कनेक्शन मिळेपर्यंत म्हणून आलेला सेट दोन दोन वर्षं तिथेच ठाण मांडून बसतो. त्याला कोण विचारणार? पोकलेनची तर वेगळीच गंमत आहे. मोटार वाहन नियमांत जी बांधकामाची मशीन येतात ती टायरवाली नाहीतर रोलरसारखी लोखंडी ड्रमवाली, पोकलेन चालते लोखंडी चेनवर आणि साइटवर येते ट्रेलरवर बसून, त्यामुळे तिला आरटीओचा नंबर नाही, पासिंग नाही, पीयूसी नाही आणि ते बीएस फाइव्ह पण नाही. माझ्या नातवाच्या स्कूटीला पीयूसी लागतं, ती संपली तर दंड, आणि तिच्या कितीतरी पट डिझेल पिणारी पोकलेन बिनधास्त.

बाहेर हे कसं चालतं त्याचा एक अनुभव सांगतो. रबाळ्याला माझं एक गिऱ्हाईक होतं, पंपसेट बनवायचा. एकदा त्याला अमेरिकेतून चौकशी आली, हा खूश, पेढे वाटायचंच बाकी होतं. तिकडच्या एजंटने पंपाचं काहीच विचारलं नाही, आधी म्हणाला इंजिनावरच्या लेबलचा फोटो पाठवा, इंजिन फॅमिली (इंजिनाच्या गटाचा नंबर) आणि मॉडेल इयर दिसलं पाहिजे. तिकडे रस्त्यावर न चालणाऱ्या डिझेल इंजिनाला पण ईपीएचं, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचं, सर्टिफिकेट लागतं, ते वर्षागणिक घ्यायचं असतं, इंजिन सुटं असो की मशीनमध्ये बसवलेलं. लेबल नसेल तर माल बंदरातच अडकतो आणि दंड लागतो तो पण इंजिनागणिक. आमच्या इंजिनाला फक्त इथलं अप्रूव्हल, ऑर्डर हातची गेली. तेव्हा आम्ही त्या एजंटला भरपूर शिव्या घातल्या होत्या, आज वाटतं की एका छोट्या प्लेटवरून एवढं काम होतं तर आपल्याकडे ती प्लेट असून कोणी वाचत का नाही.

काळा धूर कशाने होतो हे पण लिहितो, कारण लोकांना वाटतं डिझेल म्हटलं की धूर आलाच. तसं नसतं. साइटवर धूळ एवढी की एअर क्लीनर चोक होतो, ऑपरेटर तो काढून कॉम्प्रेसरने हवा मारून परत बसवतो, नवा घालायचे पैसे मालक देत नाही. हवा कमी, डिझेल तेवढंच, मग काजळीच पडणार. नोझल घासलेले, डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन (किती डिझेल सोडायचं ते जुळवणं) कधी झालंय ते कोणाला आठवत नाही, वर ताकद कमी पडते म्हणून पंप वाढवून घेतात, म्हणजे डिझेल आणखी जास्त (हे काम मी पण केलंय, नाही म्हणत नाही). रात्री वॉचमनच्या दोन बल्बसाठी 125 चा सेट चालू, तोही कॅनोपीची (सेटवरच्या आवाज अडवणाऱ्या पेटीची) दारं उघडी टाकून, गरम होतो म्हणे. नवीन फोर प्लसचे सेट पण असे रिकामे चालवले तर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, चोक होतो आणि मग त्याला बायपास मारून देणारे कारागीर आपल्याकडे तयार व्हायला वेळ लागणार नाही. आम्ही शॉपमध्ये शटर अर्धं पाडून इंजिन टेस्ट करायचो, 2012 ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने डिझेलचा धूर तंबाखूच्याच गटात टाकला तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं आपण काय हुंगत होतो ते.

माझं म्हणणं मोठं नाही. पालिका बांधकामाची परवानगी देताना जाळीचा, पाण्याचा फोटो मागते, तसाच साइटवरच्या प्रत्येक इंजिनाच्या प्लेटचा फोटो मागावा, जनरेटर असो, पोकलेन असो की पायाचे खांब खोदणारी पिलिंगची रिग. वर्ष त्यात असतंच, जनरेटरच्या प्लेटवर अप्रूव्हल नंबर पण. सगळे जुने सेट भंगारात घाला असं मी म्हणणार नाही, भाड्याचा धंदा करणारे माझेच मित्र आहेत, त्यांच्याकडे एकरकमी नवीन घ्यायला पैसे कुठून येणार. पण जुन्या सेटला मागून बसवायचं धूर गाळणारं यंत्र मिळतं, 2019 ला सीपीसीबीनेच त्याची पद्धत ठरवून दिली, निदान 70 टक्के काजळी अडली पाहिजे अशी अट आहे. शाळा, हॉस्पिटलशेजारच्या साइटपासून सुरुवात करा. आणि चेनवाल्या मशीनचं काय करायचं ते दिल्लीने ठरवावं, तो पालिकेचा विषय नाही.

परवा समोरच्या साइटवर गेलो, सुपरवायझर ओळखीचा झालाय, चहा पण पाजला. सेटची प्लेट बघू म्हटलं तर तिच्यावर पिवळा ऑइलपेंट मारलेला. चावीने खरवडला तेव्हा खालून वर्ष निघालं, 2009. साइटवाल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्लेटचा फोटो पत्रासोबत जोडलाय.

आपला एक वाचक,
वाशी, नवी मुंबई