भराव वरून, पाणी खालून

किनाऱ्यालगतच्या प्रदूषित जमिनीवर घरे बांधण्यास होणारा विरोध म्हणजे 'विकासाला खोडा' असे आपल्या अग्रलेखात म्हटले आहे. ते पटले नाही. अशा जमिनीवर मीटरभर स्वच्छ मातीचा भराव टाकला की प्रश्न मिटला, असे धरून चालतात. पावसाचे पाणी त्याने थोपेलही. पण किनाऱ्यापाशी भूजल भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होते आणि समुद्राची पातळी वाढते तसे तेही वर सरकते, तेही शिसे, आर्सेनिक, जुने तेल मुरलेल्या थरातून. ओहोटीला अशा काठच्या चिखलावर तेलाचा सप्तरंगी तवंग दिसतो, तो उगाच नव्हे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंट या जुन्या नौदल गोदीत १९४६च्या अणुचाचण्यांतली किरणोत्सर्गी जहाजे धुतली गेली होती. तिथे घरे उभी राहिली आणि मग २०१८मध्ये सफाई कंत्राटातल्या दोन पर्यवेक्षकांना मातीचे नमुने बदलल्याबद्दल कैद झाली. (त्याआधीचे अहवाल कागदोपत्री चोखच होते!) तेव्हा विकासकानेच नेमलेल्या प्रयोगशाळेच्या दाखल्यावर रहिवाशांनी डोळे मिटून विश्वास का ठेवावा? माती आणि भूजलाची तपासणी त्रयस्थ संस्थेने, ऐन भरतीच्या वेळीही करावी आणि बांधकाम परवानगीआधी अहवाल लोकांसमोर ठेवावा.

– एक वाचक