आभार, ज्यांची नावे मुखपृष्ठावर नाहीत त्यांचे

पंडिता रमाबाईंवरचे आमचे ३२ पानी मराठी कॉमिक छापून हातात आले. मागे प्रकाशक नाही, चर्चच्या मंडळीचे अनुदानही नाही. तरी ते झाले, ते तुमच्यामुळे.

सर्वांत कठीण होती १८९६-९७ च्या दुष्काळाची पाने. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-विधवांना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. कच्ची चित्रे पाहून एक आजी म्हणाल्या, "बाळा, या पोरींना नुसत्या हाडांच्या काढू नकोस. त्यांना चेहरे दे." ती चारही पाने मी नव्याने काढली. आजी, त्या पानांवर माझ्याइतकाच तुमचाही हात आहे.

केडगावच्या मुक्ती मिशन या रमाबाईंच्या संस्थेतल्या बायकांनी स्वतः खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवून रमाबाईंचे बायबल भाषांतर छापले. त्या दृश्यासाठी जुन्या छापखान्यातल्या एका निवृत्त काकांनी खिळे कसे धरतात, ओळ उलटी कशी वाचतात, हे तासभर करून दाखवले. त्यामुळेच चित्रातली बोटे खरी वाटतात. एक पैसाही त्यांनी घेतला नाही.

संवादांच्या फुग्यांतले शुद्धलेखन रात्री जागून तपासणाऱ्या ताई, उपासनेनंतर टेबल मांडून प्रती विकणारी तरुण मुले, आगाऊ पैसे न घेता कागद देणारे दुकानदार, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. प्रभू तुमचे भले करो.

पुढचा अंक लक्ष्मीबाई टिळकांवर आहे. नगरचे जुने फोटो कुणाकडे असतील तर जरूर कळवा.