डिस्चार्ज कार्डावर न लिहिलेली ओळ

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात शिवणकाम करते. परकर, ब्लाऊज, फॉल-पिको. आईच्या कमरेला डाव्या बाजूला, परकराची नाडी काचते तिथे, एक काळपट चट्टा होता. तो मी लहानपणापासून बघत आले. दोन वर्षांपूर्वी तिथे जखम झाली. हळद झाली, मलमं झाली, जखम काही मिटेना. शेवटी तुकडा काढून तपासला, तर त्वचेचा कॅन्सर. नाडीने कॅन्सर होतो म्हटल्यावर गावात लोक हसले. वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी 2024 मध्ये अशा दोन बायकांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली आहे, ती दाखवल्यावर हसणं थांबलं.

ऑपरेशन योजनेतून झालं, फुकट झालं आणि चांगलं झालं. कॅन्सर पूर्ण निघाला. सर्जनसाहेबांबद्दल माझा एक शब्दही वाकडा नाही. मला बोलायचंय ते पुढच्या दिवसांबद्दल.

आईला बारा वर्षांपासून शुगर आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर म्हणाल्या, ‘उद्या शुगरची गोळी देऊ नका.’ नाही दिली. ती परत कधी सुरू करायची हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दवाखान्यात बंद करायला सांगितलेली गोळी आपल्या मनाने कोण सुरू करतं? त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण ग्लुकोजची बिस्किटं घेऊन येई. चौथ्या दिवशी सुट्टी मिळाली. कार्डावर लिहिलेलं : टाके 14 व्या दिवशी काढणे, जखम कोरडी ठेवणे.

आठव्या दिवशी पातळावर ओला डाग दिसला. पट्टी सोडली तर टाक्यांमधून पिवळा पू, बाजूची कातडी लाल आणि हाताला गरम. आई म्हणाली, ‘फार दुखत नाही गं.’ तालुक्याला बोटातून रक्त घेतलं, शुगर 342. टाके उसवून जखम उघडी ठेवावी लागली, ती भरायला सात आठवडे गेले. त्यातच जांघेत गाठ आली. पुवामुळे सुजली की कॅन्सर पसरला, हे वरून हात लावून कळत नाही म्हणाले. सुई घालून तपासलं. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी एकही परकर शिवला नाही. गाठ पुवाचीच निघाली.

साहेब, हे नशीब म्हणून सोडून देण्यासारखं नाही. शुगर चढली की जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असल्या तर जखमेला रक्त कमी पोचतं आणि नसा बधिर असल्या तर दुखणं वेळेवर कळतही नाही. ऑस्ट्रेलियात 2009 साली त्वचेच्या ऑपरेशनांचा अभ्यास छापून आला. मधुमेह नसलेल्यांमध्ये 2 टक्के जखमा चिघळल्या, मधुमेहींमध्ये 4.2 टक्के. म्हणजे बहुतेकांचं ठीकच होतं, भिऊन ऑपरेशन टाळू नये, हेही मी बायकांना सांगते. पण ऑपरेशनच्या वेळी शुगर ताब्यात ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच सांगितलं आहे. आमच्या वॉर्डात कॅन्सरचे डॉक्टर जखम बघत होते आणि शुगर मेडिसिन ओपीडीची होती. मधला जिना उतरून कागद कुणी न्यायचा, हे ठरलेलं नव्हतं.

ते तुम्ही ठरवू शकता. ठरवून करायच्या ऑपरेशनाआधी मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी सक्तीची करा. गोळी किंवा इन्सुलिन कोणत्या तारखेला सुरू करायचं आणि शुगर किती वर गेली तर परत यायचं, हे मराठीत लिहिल्याशिवाय डिस्चार्ज कार्डावर सही होऊ नये.

आणि आशाताई. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात. व्यवस्था उभी आहे, पावलं मळलेली आहेत. ऑपरेशन झालेल्या मधुमेही माणसाकडे तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी जाऊन पट्टी बघायची, बोटातून शुगर बघायची, एवढं काम त्यांना द्या. अर्थात मानधनासह. त्या आधीच खूप काही फुकटात करतात. तिशीपुढच्या तपासणीत त्या शुगर, बीपी, तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांचं विचारतात. ‘कमरेला न भरणारी जखम आहे का?’ हा एक प्रश्न त्यात वाढवा.

मी आता परकराला नाडीऐवजी दोन इंची पट्टा लावते. वीस रुपये जास्त पडतात म्हणून बायका कुरकुरतात, मग मी त्यांना आईकडे पाठवते.

आईच्या कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. दवाखान्याचं नाव मुद्दाम झाकलंय. औषधांची यादी तेवढी बघा. अँटिबायोटिक आहे, दुखण्याची गोळी आहे, ॲसिडिटीची आहे. शुगरची नाही.

कळावे,
एका रुग्णाची मुलगी