नुसत्या अंघोळीने वास जात नाही

संपादक महोदय,

जळगाव-भुसावळकडे हल्ली लांब केसांची पॉमेरेनियन, ल्हासा कुत्री बरीच दिसतात. त्यातल्या नरांबद्दलची ठरलेली तक्रार म्हणजे अंघोळ घातली तरी लघवीचा वास येतो. येणारच! इंद्रियाच्या टोकाशी असलेला केसांचा झुपका वातीसारखा लघवी शोषतो, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूलाही शिंतोडे उडतात. जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात.

झुपका बोथट टोकाच्या कात्रीने कापावा, पण सेंटिमीटरभर ठेवावा. मुळापासून काढला तर खुंट टोचतात आणि कुत्रा चाटत बसतो. मग कोमट पाणी आणि कुत्र्यांचाच शाम्पू. पाच-दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवावा. बोअरच्या जड पाण्याला फेस येत नाही म्हणून लोक शाम्पू वाढवतात, तो केसांतच राहतो. केस मुळापर्यंत कोरडे करावेत. फिनाईल अंगाला अजिबात नको. अंथरायची गोधडी तशीच ठेवली, तर सगळं फुकट.

इंद्रियाच्या टोकाशी किंचित पिवळसर स्राव असतोच. पू, रक्त किंवा थेंबथेंब लघवी दिसली तर थेट पशुवैद्य गाठावा. आणि वास नको म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात त्याचं पाणी तोडू नये. लघवी घट्ट होऊन वास वाढतो.

– एक वाचक, भुसावळ