रंगवलेले गोल आणि अपूर्णांक

महोदय,

माझा नातू चौथीत आहे. १/४ मोठा की १/८, असं विचारल्यावर पठ्ठ्या ठामपणे म्हणाला, “१/८! आठ मोठे ना चारापेक्षा.” वही मात्र रंगवलेल्या गोलांनी भरलेली, प्रत्येक पानावर ‘छान’चा शेरा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी वर्षानुवर्षं गणित शिकवलं. माझं काम कागदाच्या पट्ट्यांवर भागायचं. सारख्या लांबीच्या तीन पट्ट्या घ्यायच्या. एक दुमडून दोन भाग, दुसरीचे चार, तिसरीचे आठ. एकाखाली एक ठेवल्या की पावाखाली दोन अष्टमांश बरोबर बसतात, ते मुलं स्वतःच बोटानं दाखवतात. (घड्या वाकड्या पडल्या की भांडणं होतात, ती होऊ द्यावीत. भाग समान का हवेत, ते तिथेच कळतं.)

पुढे १/२ + १/३ = २/५ लिहिणारे प्रत्येक वर्गात निघतातच. त्यांना २/५ ची पट्टी अर्ध्या पट्टीखाली धरायला सांगा. बेरीज अर्ध्याहून लहान कशी, हे त्यांनाच खटकतं. छेद समान करण्याची रीत त्यानंतर शिकवावी. आज ती आधीच पाठ करून घेतात. अभ्यासक्रम संपवायची घाई मला ठाऊक आहे. तरी निदान आठवडाभर तरी पेन्सिल बाजूला ठेवून मुलांना घड्या घालू द्याव्यात, ही शिक्षकांना विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, कराड